खेळणारी होप, खेळवणारी होप



मागच्या महिन्यात कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी सातवीत आहे, शाळेच्या खो-खोच्या संघात आहे, आणि घरात रोज एकच पालुपद सुरू झालंय : आता मोठी झाली, पुरे झालं खेळणं. ताईंनी विचारलं, ‘‘हे फक्त आपल्याकडंच असतं का हो?’’ वेळ संपत आली होती, म्हणून मी एवढंच म्हटलं की नाही, सगळीकडं असतं, सविस्तर पुढच्या खेपेला सांगते. तर आज ते सांगायचं आहे.

गोष्ट इंग्लंडमधली आहे आणि फुटबॉलची आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी फुटबॉलचा अख्खा सामना कधी पाहिला नसेल. हरकत नाही. अकरा-अकरा जणांचे दोन संघ, एक चेंडू, आणि तो पायानं समोरच्याच्या जाळीत घालायचा, एवढं माहीत असलं तरी पुरे. बाकी लागेल तसं सांगत जाईन.

जिची गोष्ट, तिचं नाव होप पॉवेल. होप म्हणजे आशा. नाव ऐकून गावातल्या आशाताईंची आठवण झाली तर होऊ द्या, कारण मानधन आणि पगार यांतला जो फरक आशाताईंना पाठ असतो, तोच या गोष्टीत पुढं येणार आहे.

पण होपचा जन्म व्हायच्या आधी जे घडलं ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट कळायची नाही. म्हणून शंभर वर्षं मागं चला.

1914 साली युरोपात पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुरुष लढाईवर गेले आणि कारखान्यांत तोफगोळे बनवायला बायका आल्या. इंग्लंडच्या उत्तर भागात प्रेस्टन नावाचं शहर आहे. तिथल्या डिक कर कंपनीच्या कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत आवारात चेंडू खेळायच्या. खेळता खेळता 1917 मध्ये त्यांचा संघच उभा राहिला. जखमी सैनिकांच्या दवाखान्यासाठी पैसे जमवायला त्या सामने खेळू लागल्या आणि लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले. 1920 च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना झाला तेव्हा आत 53,000 लोक होते. जागा नाही म्हणून कित्येक हजार बाहेरच राहिले. बायकांचा सामना, शंभर वर्षांपूर्वी, आणि 53,000 माणूस!

पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची बैठक बसली. त्यात ठरलं की फुटबॉल हा खेळ बायकांना अजिबात शोभणारा नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये. सामन्यांतून जमलेल्या पैशांचा हिशेब नीट नाही, असाही एक ठपका ठेवला. (बायकांनी चार पैसे उभे केले की पहिला प्रश्न हिशेबाचा येतो, हे बचत गट चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.) संघटनेनं आपल्या सगळ्या क्लबांना कळवलं : तुमची मैदानं बायकांना द्यायची नाहीत.

ही बंदी थोडीथोडकी नाही, 50 वर्षं चालली. 1971 मध्ये उठली.

आता बंदी म्हणजे पोलीस येऊन पकडून नेत होते असं नाही. बायका खेळत राहिल्या. बागेत, शाळांच्या मोकळ्या जागेत, मिळेल तिथं. पण चांगलं मैदान नाही, पंच नाही, तिकीट नाही, वर्तमानपत्रात चार ओळी नाहीत. माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान वेगळंच झालं. खेळणाऱ्या पोरी कशाही तयार होतात, चिंध्यांचा चेंडू करूनही होतात. शिकवणाऱ्या, संघ निवडणाऱ्या, कारभार बघणाऱ्या बायका मात्र अशा तयार होत नाहीत. त्यांना वर्षानुवर्षं स्पर्धा लागतात, आधीच्या पिढीचा हात लागतो. बंदी उठली तेव्हा इंग्लंडमध्ये खेळायला मुली होत्या. संघ चालवायला कोण होतं? पुरुष. 1972 मध्ये इंग्लंडच्या महिला संघाचा पहिला अधिकृत सामना झाला, तेव्हापासून पुढची 26 वर्षं संघाचा मॅनेजर पुरुषच होता.

होप पॉवेल 8 डिसेंबर 1966 ला लंडनमध्ये जन्मली. घरचे मूळचे जमैकाचे. वेस्ट इंडीजमधून त्या काळात हजारो कुटुंबं इंग्लंडला मजुरीसाठी, नोकरीसाठी गेली, त्यांतलंच हे एक. शहराच्या दक्षिण भागात, नगरपालिकेनं भाड्यानं दिलेल्या घरांच्या वस्तीत ती वाढली. दारासमोर पोरं चेंडू खेळायची, त्यांच्यात ही एकटी मुलगी. आईला हे सुरुवातीला बिलकूल पसंत नव्हतं. जमैकाच्या रीतीत वाढलेल्या बाईला आपली लेक मुलांमध्ये धसमुसळा खेळ खेळते हे कसं आवडावं? आईचा राग खरा होता. पोरीचं वेडही खरं होतं.

शाळेत तिनं मुलांच्या संघात जागा मिळवली. कुणाची मेहेरबानी नव्हती, खेळच तसा होता. मग नियम आडवा आला. संघटनेच्या नियमानं अकरा वर्षांपुढच्या मुलीला मुलांबरोबर सामना खेळता येत नव्हता. खेळात कमी पडली म्हणून काढलं असतं तर गोष्ट वेगळी. वय वाढलं म्हणून काढलं. फोन करणाऱ्या ताई, ऐकताय ना?

त्याच सुमाराला तिला मिलवॉल लायनेसेस हा मुलींचा क्लब सापडला. लायनेसेस म्हणजे सिंहिणी. अकराव्या वर्षी ती तिथं गेली आणि मधल्या फळीत खेळू लागली. मधली फळी म्हणजे बचाव आणि हल्ला यांच्या बरोबर मधली जागा. मागून चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि पुढं कुणाला द्यायचा ते ठरवायचं. स्वयंपाकघरात एकीला पोळपाटावर बसवून, दुसरीला कांदा चिरायला लावून, स्वतः फोडणीकडं बघणारी बाई जे करते, साधारण तेच. पुढं मॅनेजर होणाऱ्या खेळाडूंत अशा जागी खेळलेले बरेच सापडतात.

सोळाव्या वर्षी, 1983 मध्ये, ती इंग्लंडकडून पहिला सामना खेळली. पुढच्याच वर्षी युरोपातल्या महिला संघांची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि इंग्लंड अंतिम फेरीत गेलं. समोर स्वीडन. दोन सामने खेळायचे होते, एक त्यांच्याकडं, एक यांच्याकडं. तिकडं स्वीडन 1-0 नं जिंकलं, इकडं लुटन गावच्या चिखलानं भरलेल्या मैदानावर इंग्लंड 1-0 नं जिंकलं. बरोबरी झाली, म्हणून पेनल्टी घेतल्या : एकेका खेळाडूनं चेंडू जाग्यावर ठेवायचा आणि समोर एकट्या गोलकीपरला चुकवून गोल करायचा. त्यात स्वीडन जिंकलं. या स्पर्धेतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. पुरुषांचा सामना 90 मिनिटांचा, बायकांचा 70 मिनिटांचा ठेवला होता, आणि चेंडूही लहान दिला होता. का, ते तुम्हीच ओळखा.

तिच्या खेळाची गोष्ट पुढं 15 वर्षं चालली, ती भराभर सांगते. 1989 मध्ये ती फ्रेंड्स ऑफ फुलम या क्लबकडून इंग्लंडच्या महिला चषकाचा अंतिम सामना खेळली. सामना टीव्हीवर दाखवला गेला, तिनं दोन गोल केले, आणि तरी संघ 3-2 नं हरला. 1991 मध्ये पुन्हा मिलवॉलकडून खेळत तोच चषक जिंकला. 1995 मध्ये स्वीडनला झालेल्या विश्वचषकात ती इंग्लंडच्या संघात होती. 1996 मध्ये तिच्या कप्तानपदाखाली क्रॉयडन क्लबनं एकाच वर्षी चषक आणि लीग दोन्ही जिंकले. इंग्लंडकडून एकूण 66 सामने, 35 गोल. मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी हा आकडा मोठा आहे.

आणि या सगळ्याचे पैसे किती मिळाले? जवळजवळ काहीच नाही. त्या काळात इंग्लंडकडून खेळणाऱ्या मुली नोकरी सांभाळून, रजा काढून, कधी बिनपगारी रजा काढून देशासाठी खेळायच्या. होपही नोकरी करत होती, लोकांना खेळाकडं वळवण्याच्या सरकारी योजनेत. एक शहाणपण मात्र तिनं लवकर केलं होतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच तिनं फुटबॉल शिकवण्याचा परवाना काढला. स्वतः जोमात खेळत असताना शिकवण्याची परीक्षा देणाऱ्या मुली तेव्हा बोटावर मोजण्याएवढ्याच होत्या.

ते प्रमाणपत्र बारा वर्षांनी कामी आलं. 1998 च्या जूनमध्ये फुटबॉल संघटनेनं तिला इंग्लंडच्या महिला संघाची मॅनेजर केलं. ती तेव्हा 31 वर्षांची होती, अजून खेळत होती. त्या जागेवर बसणारी ती पहिली बाई, पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, सगळ्यांत तरुण, आणि पूर्णवेळ पगारावर नेमलेली पहिली. ज्या संघटनेनं 1921 मध्ये हा खेळ बायकांना शोभत नाही असं म्हटलं होतं, तीच ही संघटना.

मैत्रिणींनो, पहिली बाई पहिली बाई असं आपण खूप ऐकतो. आपल्याकडं सरपंचपद राखीव झालं, पहिली बाई सरपंच झाली, फोटो आला. आणि ग्रामसभेत बोलतात कोण? तिचे ‘हे’. म्हणून मला नेमणुकीपेक्षा पुढच्या दोन-चार वर्षांत जास्त रस आहे. होप नुसती सहीपुरती राहिली का?

नाही राहिली. पण सोपंही गेलं नाही. परवापर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट घातले, त्यांची ती एका दिवसात साहेबीण झाली. आता मैत्रिणीला संघातून वगळायचं, तेही तिच्या तोंडावर सांगायचं. गटाची अध्यक्ष झाल्यावर आपल्याच जावेकडं थकलेला हप्ता मागायला जायचं असतं ना, तसं. होप त्यात कठोर होती असं तिच्याबरोबर काम केलेल्या बऱ्याच जणी सांगतात. हसतमुख, सगळ्यांची लाडकी अशी मॅनेजर ती कधीच नव्हती.

तिच्या कामात फक्त मोठ्या मुलींचा संघ नव्हता. 15 वर्षांखालच्या मुलींपासून वरपर्यंत इंग्लंडचे सगळे महिला संघ तिच्या देखरेखीखाली आले. खालच्या वयोगटांतून मुलगी वर कशी येईल, तिच्या आहाराकडं, दुखापतीकडं कोण बघेल, शिकवणाऱ्या बायका कुठून आणायच्या, ही सगळी घडी तिनं बसवायला घेतली. रोप एका गादीवाफ्यावर लावायचं, मग दुसरीकडं काढून लावायचं, याला किती वर्षं लागतात हे शेतकरणींना माहीत आहे. 2003 मध्ये तिनं युरोपातला सगळ्यांत वरचा प्रशिक्षकाचा परवाना मिळवला. इंग्लंडमध्ये तो मिळवणारी ती पहिली बाई.

निकाल लगेच आले नाहीत. 1999 आणि 2003 या दोन्ही विश्वचषकांना इंग्लंड पोचलंच नाही. 2005 मध्ये युरोपची स्पर्धा इंग्लंडमध्येच झाली. पहिल्या सामन्याला 29,000 च्या वर लोक आले, इंग्लंडनं फिनलंडला 3-2 नं हरवलं, आणि मग पुढचे दोन्ही सामने हरून घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडलं. तरी संघटनेनं तिला ठेवलं. एवढा धीर धरला, याचं श्रेय संघटनेला द्यायला हवं.

2007 मध्ये चीनला विश्वचषक होता. बारा वर्षांनी इंग्लंड पुन्हा तिथं पोचलं. पुढं ती स्पर्धा जिंकणाऱ्या जर्मनीला त्यांनी एकही गोल करू दिला नाही, तो सामना 0-0 असा सुटला. मग उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेकडून 3-0 नं हार. पण त्या महिन्यात देशासाठी खेळणाऱ्या मुलींच्या हातात काय पडत होतं? दिवसाला 40 पाउंड भत्ता. कुणी टपालखात्यात, कुणी शाळेत काम करणारी, कुणी नोकरीवरून आठवडेच्या आठवडे रजा काढून आलेली. त्याच संघटनेच्या पुरुष संघातले खेळाडू क्लबातून आठवड्याला हजारो पाउंड मिळवत होते. मुली जगातल्या पहिल्या आठ संघांत आल्या, विमानानं परत गेल्या आणि लगेच कामावर हजर झाल्या.

इथं होपमधली जुनी खेळाडू कामाला आली असं मला वाटतं. दिवसभर राबून संध्याकाळी सराव करणारी मुलगी किती दमते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जर्मनी-अमेरिकेशी बरोबरी करायची तर सराव दिवसा हवा, झोप पुरी हवी, आणि त्यासाठी पगार हवा, हे ती वरिष्ठांना सांगत राहिली. अखेर 2009 च्या मे महिन्यात संघटनेनं 17 खेळाडूंना केंद्रीय करार दिले. वर्षाला 16,000 पाउंड. आपल्या तेव्हाच्या रुपयांत साधारण 12 लाख. ऐकायला मोठे वाटतात, पण इंग्लंडच्या महागाईत एकटीचं कसंबसं भागेल एवढेच. शिवाय आठवड्याला 24 तासांपर्यंत दुसरी नोकरी करायची मुभा ठेवली होती, म्हणजे एवढ्यावर निभणार नाही हे देणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी तो पगार होता, ठरलेला, महिन्याच्या महिन्याला येणारा. मानधनावर काम करणारी कुणी ऐकत असेल तर तिला या फरकाची किंमत मी काय सांगणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंड युरोपच्या अंतिम सामन्यात गेलं, 25 वर्षांनी. तेव्हा खेळाडू असलेली होप आता मॅनेजर. समोर जर्मनी, आणि निकाल 6-2. मोठी हार. पण उपांत्य सामन्यात जादा वेळेत, सामना संपायला चारच मिनिटं उरली असताना ज्या मुलीनं विजयी गोल केला, तिचं नाव ध्यानात ठेवा : जिल स्कॉट. ती पुढं परत येणार आहे.

आता होपच्या कारभारातली जी गोष्ट मला खटकते, तीही सांगते, नाहीतर ही आरती होईल. केटी चॅपमन नावाची तिची एक कसलेली खेळाडू होती, दोन लहान मुलांची आई. मुलांची आबाळ होते म्हणून तिनं थोडा काळ संघातून सुट्टी मागितली, आणि तिचा केंद्रीय करार गेला. हे तिनं 2011 मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितलं. त्या वर्षीचा विश्वचषक तिच्याविना झाला. करार संघटनेचे होते, निर्णय एकट्या होपचा होता असं मी म्हणणार नाही. पण संघ तिचा होता. बाळंतपण, दूध पाजणं, पोराचा ताप या गोष्टी कुठल्याही करारात कुठं बसवायच्या, हे बाई वर बसली म्हणून आपोआप ठरत नाही. होपच्या जागी नवा मॅनेजर आल्यावर, 2014 मध्ये, चॅपमन परत आली, तेव्हा ती तीन मुलांची आई होती, आणि 2015 च्या विश्वचषकात खेळली.

दुसरी गोष्ट 2011 चीच. विश्वचषक जर्मनीत. इंग्लंडनं पहिल्या फेरीत जपानला 2-0 नं हरवलं, आणि गंमत बघा, पुढं तो विश्वचषक जपाननंच जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली आणि पुन्हा पेनल्टी आल्या. होपनं विचारलं, कोण घेणार? पुरेशा जणी पुढं येईनात. तिला तीनदा विचारावं लागलं असं तिनं नंतर सांगितलं. शेवटी क्लेअर रॅफर्टी ही 22 वर्षांची पोर पुढं आली. तिचा फटका बाहेर गेला. मग कप्तान फे व्हाइटचा आडव्या दांड्यावर आदळला, आणि इंग्लंड बाहेर. हरल्यावर होप वार्ताहरांपुढं बोलली, आणि अनुभवी खेळाडूंनी हात वर न करता लहान पोरीला पुढं जाऊ दिलं, याला तिनं भित्रेपणा म्हटलं. खेळाडू दुखावल्या. तिचा राग मला समजतो. तरी घरातलं भांडण चावडीवर नेलं ते चुकलंच.

2012 मध्ये लंडनला ऑलिंपिक झालं. ब्रिटनचा महिला फुटबॉल संघ त्याआधी ऑलिंपिकमध्ये कधी उतरलाच नव्हता. पहिला संघ होपनं निवडला. न्यूझीलंडला हरवलं, कॅमेरूनला हरवलं, आणि 31 जुलैला लंडनच्या वेम्बली मैदानावर ब्राझीलशी गाठ पडली. स्टेफ हाउटननं सुरुवातीलाच गोल केला आणि ब्रिटन 1-0 नं जिंकलं. बघायला किती लोक? 70,584. प्रेस्टनच्या कारखान्यातल्या बायकांचा 53,000 चा आकडा मोडायला या देशाला जवळजवळ 92 वर्षं लागली. पुढच्याच सामन्यात कॅनडाकडून 2-0 नं हरून संघ बाहेर पडला, पण ती संध्याकाळ काही कुणी परत घेऊ शकत नव्हतं.

शेवट मात्र गोड झाला नाही. 2013 ची युरोपची स्पर्धा स्वीडनला. स्पेनकडून हार, रशियाशी बरोबरी, फ्रान्सकडून 3-0 नं हार. गटात शेवटचा नंबर. ऑगस्टमध्ये संघटनेनं तिला कामावरून कमी केलं. 15 वर्षं झाली होती. खरं सांगायचं तर तोवर संघ साचून गेला होता, त्याच त्या खेळाडूंवर भिस्त ठेवली जात होती, आणि बदल हवा असं म्हणणारे अगदीच चूक नव्हते. पण तिच्यानंतर कायमची नेमणूक कुणाची झाली? पुरुषाची. त्याच्यानंतर? पुन्हा पुरुषाची. बाई परत त्या खुर्चीवर कायमची बसली ती 2021 मध्ये, सरिना विगमन, आणि तीही नेदरलँड्सची. इतक्या वर्षांत इंग्लंडमध्ये दुसरी होप तयार झाली नव्हती, किंवा झाली असेल तर कुणाला दिसली नव्हती.

विगमनच्या हाताखाली इंग्लंडनं 2022 मध्ये युरोपची स्पर्धा जिंकली. तारीख 31 जुलै, मैदान वेम्बली, म्हणजे ब्राझीलच्या त्या सामन्याला बरोबर दहा वर्षं झालेली. समोर तेच जर्मनी, निकाल 2-1, आणि मैदानात 87,192 लोक. त्या दिवशी इंग्लंडकडून खेळलेल्यांत जिल स्कॉट होती, एलन व्हाइट होती. दोघींना इंग्लंडची जर्सी पहिल्यांदा दिली होती होपनं.

होप स्वतः त्या वेळी ब्रायटन या क्लबच्या महिला संघाची मॅनेजर होती. मधली काही वर्षं तिनं खेळाडूंच्या संघटनेत प्रशिक्षकांना शिकवण्यात घालवली होती, मग 2017 मध्ये ब्रायटननं बोलावलं. लहान क्लब, पैसा बेताचा. तरी 2021 च्या फेब्रुवारीत तिच्या मुलींनी बलाढ्य चेल्सीला त्यांच्याच मैदानावर 2-1 नं हरवलं. चेल्सी त्याआधी लीगमध्ये सलग 33 सामने हरली नव्हती. आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये टॉटनहॅमकडून घरच्या मैदानावर 8-0 अशी हार झाली, तेव्हा दोनच दिवसांत होपनं राजीनामा दिला. त्यानंतर ती बर्मिंगहॅम सिटी क्लबच्या महिला फुटबॉलची तांत्रिक संचालक झाली.

ताई, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. होपला शाळेच्या संघातून बाहेर काढणारा तो अकरा वर्षांचा नियम पुढं तीस वर्षांहून जास्त काळ तसाच होता. तिच्यासारख्या किती मुली त्या दारावर थांबल्या असतील, कुणी मोजलं नाही. 2010 च्या पुढं तो टप्प्याटप्प्यानं वर सरकत गेला, आणि आता इंग्लंडमध्ये मुली 18 वर्षांपर्यंत मुलांबरोबर सामने खेळू शकतात.

तुमची लेक सातवीत आहे म्हणालात. होपला थांबवलं तेव्हा ती साधारण तेवढीच होती.